जुन्या मिलिंगला सीएनसी (कॉम्प्युटरच्या आज्ञेने चालणारी) करतोय, कंट्रोलर कोणता घ्यावा?

शेड_क्र_९

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

नाशिकच्या अंबडला एक वर्कशॉप बंद झालं, त्यांचं सामान निघालं तेव्हा बाबांनी पंजाबातल्या बटाल्याच्या बनावटीची एक छोटी मिलिंग उचलली. बाबा ३४ वर्षं सातपूरला मिलिंगवर होते, निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. घरी बसवत नाही. सिडकोत घराशेजारी पत्र्याची शेड आहे, तिथे मशीन लावलीय. मी स्वतः मेंटेनन्सला आहे, पण पीएलसी आणि पॅनलपुरता. सीएनसीचा कंट्रोलर बिघडला की आमच्याकडे कंपनीचा माणूस येतो आणि आम्ही त्याला चहा देतो, एवढाच अनुभव.

आतापर्यंत झालेलं काम: टेबल सरकवणाऱ्या एक्स आणि वाय अक्षांना १६०५ चे बॉलस्क्रू बसवले. हेड वर-खाली करणाऱ्या झेडला मूळचाच ४ मिमी पिचचा ॲक्मे स्क्रू ठेवलाय, त्याला साधारण पॉइंट दोन मिमीचा प्ले (स्क्रू-नटमधली मोकळी जागा) आहे, मोटर १:२ च्या बेल्टने जोडलीय. एक्स-वायला नेमा २३, झेडला नेमा ३४ साइजच्या मोटरी, तिन्ही क्लोज्ड लूप स्टेपर (फिरणं मोजणारा एन्कोडर असलेल्या), ड्रायव्हर्ससकट. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलला २.२ किलोवॅटचा व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह), सिंगल फेज इनपुट.

काम काय करायचं? ॲल्युमिनियम आणि पितळ, फिक्स्चरच्या प्लेटा, अधूनमधून एमएस (साधं पोलाद). कंट्रोलरसाठी २५ हजार बाजूला ठेवलेत. समोर चार पर्याय आहेत:

आर्डुइनो या छोट्या बोर्डवर जीआरबीएल, विंडोजवरचं माक३ आणि यूएसबी कार्ड, डीडीसीएससारखा पेनड्राइव्हवर चालणारा स्वतंत्र कंट्रोलर, नाहीतर लिनक्स कॉम्प्युटरवरचं लिनक्ससीएनसी.

जो विकतो तो आपलंच भारी म्हणतो. तुम्ही सांगा.

कॉलेजरोड_७७

दादा, जीआरबीएल! फुकट आहे, आर्डुइनोचा ऊनो बोर्ड कुठेही मिळतो. मी पीसीबी खोदायचा छोटा राउटर त्यावर दोन वर्षं चालवतोय, एकदाही त्रास नाही.

गोदाकाठचा

माझा धंदा लाकडाचा. देवघरं, दरवाज्यावरची नक्षी. माझ्याकडे हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर आहे, पेनड्राइव्ह लावा आणि सुरू करा. आधी कॉम्प्युटरवर चालवायचो. भुसा आत जाऊन पंखा अडकायचा, एकदा साडेचार तासांची गणपतीची चौकट तिसऱ्या तासाला गेली. सागवानाचा भाव तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून मशीनपाशी कॉम्प्युटर नाही म्हणजे नाही.

मापात_पाप

माक३ घ्या. आपल्याकडे ते सगळ्यांकडे आहे आणि लायसन्स कोणाकडेच नाही.

टर्मिनलप्रेमी

वरच्या विनोदात तथ्य आहे म्हणून थोडं गंभीर. माक३ चं लायसन्स १७५ डॉलरचं. बिनलायसन्सचं ५०० ओळींपुढचा प्रोग्राम चालवत नाही. पॅरलल पोर्टवरून पल्स (मोटरला थोडं थोडं पुढे सरकवणारे विजेचे ठोके) देणारा त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोजवर चालतो, म्हणून लोक एक्सपीचे जुने डबे जपून ठेवतात. यूएसबी किंवा इथरनेटचं बाहेरचं कार्ड लावलं की ती अट जाते, कारण मग पल्स ते कार्ड तयार करतं. पण बनवणाऱ्यांनी लक्ष माक४ वर नेल्याला बरीच वर्षं झाली. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकडे जायचं काही कारण मला दिसत नाही. चोरीचं चालवायचं आणि वर त्यातल्या चुका शोधायच्या, हे तर अजिबातच नाही.

मी अर्थातच लिनक्ससीएनसीवाला. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने नव्वदच्या दशकात ईएमसी नावाने हे सुरू केलं, आज जगभरचे लोक मिळून सांभाळतात, पूर्ण मोफत. पण शेड_क्र_९, आधी एक हिशोब कर. ड्रायव्हर किती पल्सवर लावलेत? एका फेऱ्याला?

शेड_क्र_९

डिप स्विच १६०० वर आहेत. विकणाऱ्याने तसेच दिले.

टर्मिनलप्रेमी

ठीक. बॉलस्क्रू ५ मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्याला टेबल ५ मिमी सरकतं. १६०० भागिले ५ म्हणजे १ मिमीला ३२० पल्स. एक पल्स म्हणजे तीन मायक्रॉनच्या आसपास, तुझ्या मशीनला भरपूर झालं. आता वेग. घरच्या मशीनला मिनिटाला ३००० मिमी पुष्कळ. म्हणजे सेकंदाला ५० मिमी. ५० गुणिले ३२० = १६,०००. सोळा किलोहर्ट्झ.

झेडला स्क्रू ४ चा आणि बेल्ट १:२, म्हणजे १ मिमीला ८०० पल्स. तिथे मिनिटाला १२०० मिमी धर, सेकंदाला २०, पुन्हा १६,०००. योगायोग.

ऊनोवरचं जीआरबीएल ३० किलोहर्ट्झपर्यंत देतं. माक३ पॅरलल पोर्टवर सुरुवातीलाच २५ देतं. डीडीसीएसवर ५०० लिहिलेलं असतं. थोडक्यात, पल्सच्या हिशोबाने तुझे चारही पर्याय पास. जाहिरातीतला ५०० चा आकडा पाहून भुलू नकोस, तुला तो लागतच नाही. उद्या एका फेऱ्याला १०,००० पल्स मागणारा एसी सर्व्हो लावलास तर त्याच वेगाला १ लाख पल्स लागतील, तेव्हा ऊनो आडवा पडेल. तेव्हासुद्धा सर्व्होमधला इलेक्ट्रॉनिक गिअर बदलून आकडा खाली आणता येतो.

कॉलेजरोड_७७

म्हणजे मी बरोबर 😄

टर्मिनलप्रेमी

वेगात बरोबर, बाकी नाही. त्याच्या झेडला पॉइंट दोनचा प्ले आहे. ऊनोवरच्या जीआरबीएलमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे प्लेचा हिशोब धरायची सोय नाही. जी४१-जी४२ नाही, म्हणजे घासलेल्या कटरचा व्यास मशीनवर बदलून खाचेचं माप आणता येत नाही, परत प्रोग्राम बनवणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये जा. ड्रिलिंगचं जी८१ नाही. पीसीबीला यातलं काहीच लागत नाही म्हणून तुला कळलं नाही. टीन्सी या जास्त ताकदीच्या बोर्डवर चालणारं जीआरबीएलहाल यातलं बरंच देतं, ते वेगळं प्रकरण.

निवृत्त_टूलरूम

मधे तोंड घालतो. मुलांनो, प्ले सॉफ्टवेअरने भरून निघतो हा गैरसमज आधी काढा. कॉम्पेन्सेशन म्हणजे काय, तर दिशा बदलली की कंट्रोलर स्क्रू तेवढा जादा फिरवतो. पण टेबल त्या मोकळ्या जागेत तरंगतंच आहे. क्लाइंब मिलिंगला, म्हणजे कटरचे दात ज्या दिशेने कापतात त्याच दिशेने टेबल सरकवताना, कटर टेबल स्वतःकडे ओढतो, मग दात तुटतो नाहीतर जॉब उडतो. हाताच्या मशीनवर आम्ही पोरांना पहिल्या आठवड्यात क्लाइंब करू द्यायचो नाही ते यासाठीच.

एक्स-वायला बॉलस्क्रू टाकलात, उत्तम. मात्र साधा सी७ ग्रेडचा स्क्रू ३०० मिमीत पॉइंट शून्य पाचपर्यंत चुकू शकतो, हे डोक्यात ठेवा आणि डायल (फरक दाखवणारं गेज) लावून एकदा तपासा. झेडचा ॲक्मे राहू द्या. हेडचं वजन प्ले एका बाजूला दाबून धरतं. शिवाय ॲक्मे स्वतः अडकून राहतो. तिथे बॉलस्क्रू टाकलात तर लाईट गेल्याबरोबर हेड आपोआप खाली घसरायला लागेल, मग ब्रेकची मोटर घ्या किंवा काउंटरवेट लावा. आपल्याकडे लाईट जाते.

शेड_क्र_९

काका, हे झेडचं कोणीच सांगितलं नव्हतं. मी पुढच्या महिन्यात तिथेही बॉलस्क्रू टाकणार होतो. वाचलो.

एक शंका. मोटरी क्लोज्ड लूप आहेत, म्हणजे टेबल कुठे आहे ते कंट्रोलरला कळणारच ना? मग स्टेप चुकण्याचा प्रश्न कुठे राहिला?

टर्मिनलप्रेमी

नाही कळत. इथेच बहुतेक जण फसतात. एन्कोडरची वायर मोटरकडून ड्रायव्हरला जाते, कंट्रोलरला नाही. लूप ड्रायव्हरमध्येच मिटतो. मोटर मागे पडली तर ड्रायव्हर जोर लावतो, तरी जमलं नाही तर अलार्म देऊन थांबतो. कंट्रोलर बिचारा पुढचे पल्स पाठवतच राहतो. एक्स थांबलाय, वाय चाललाय, आणि जॉबवर तिरकी रेघ.

म्हणून तिन्ही ड्रायव्हरचे अलार्म कंट्रोलरच्या एका इनपुटवर आणलेच पाहिजेत. लोक क्लोज्ड लूपचे पैसे देतात आणि ती दोन वायरची जोडी टाकायचा कंटाळा करतात.

एन्कोडर खरोखर कंट्रोलरपर्यंत न्यायचा असेल तर लिनक्ससीएनसी आणि एन्कोडर वाचणारं मेसाचं कार्ड. स्पिंडलचा एन्कोडरसुद्धा त्याला जोडता येतो, मग रिजिड टॅपिंग (स्पिंडलच्या फेऱ्याशी झेड जुळवून भोकात आटे पाडणं) होतं. लेथवर आटे पाडताना तर फरक लगेच दिसतो. माक३ फेऱ्याला एकच पल्स बघून अंदाज बांधतं. स्पिंडलचा वेग थोडा दबला तरी लिनक्ससीएनसी त्याच्याबरोबर चालतं.

सिन्नरकरीण

मी सिन्नरला छोटं जॉबवर्क चालवते, सात माणसं. सगळं वाचलं. पल्स झाले, प्ले झाला, एन्कोडर झाला. मशीनसमोर उभं कोण राहणार हे कोणी विचारलंच नाही.

शेड_क्र_९, तुम्ही दिवसभर कंपनीत. मशीन बाबा चालवणार, बरोबर? त्यांना कॉम्प्युटरची कितपत सवय आहे?

शेड_क्र_९

ताई, अगदी नेमकं विचारलंत.

बाबा मोबाइलवर व्हॉट्सॲप आणि पंचांग पाहतात, तेवढंच. मी परवा लॅपटॉपवर लिनक्ससीएनसीचं सिम्युलेटर दाखवलं. पाच मिनिटं बघत बसले आणि विचारलं, "हँडल कुठंय?"

सिन्नरकरीण

मग अर्धं उत्तर मिळालं.

आमच्याकडे नवा कंट्रोलर आला तेव्हा मी सगळ्यात हुशार पोराला बसवलं. तो शिकला आणि सहा महिन्यांत चाकणला गेला. मागे राहिले ते जुने ऑपरेटर, ज्यांना स्क्रीनची भीती. आता मी मशीन पाहायला जाते तेव्हा आधी एमपीजी चाक (हाताने फिरवून अक्ष सरकवायचं) हातात घेऊन बघते. क्लिक नीट लागतात का, पॉइंट शून्य एकवर सावकाश सरकतं का. ज्याने आयुष्यभर हँडल फिरवून कटर जॉबला टेकवलाय, त्याच्या हातात चाक दिलं की तो घाबरत नाही.

आणि इमर्जन्सी बटन कंट्रोलरच्या इनपुटला लावून मोकळे होऊ नका. बटन दाबलं की कॉन्टॅक्टर (पॉवर जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) पडून ड्रायव्हर आणि व्हीएफडीची पॉवर गेली पाहिजे. कंट्रोलरला फक्त खबर द्यायची. आमच्याच वायरमनने एकदा आळस केला होता. बोट वाचलं, पण त्या दिवसापासून मी स्वतः बटन दाबून बघितल्याशिवाय मशीन ताब्यात घेत नाही.

टर्मिनलप्रेमी

ताईंशी सहमत, तरी नोंदवून ठेवतो: लिनक्ससीएनसीला एमपीजी चाक सहज लागतं, आणि त्यातल्या हाल नावाच्या जोडणीच्या भागात बाबांना हवं तसं पॅनल बनवता येतं. भंगारातून पॅरलल पोर्टवाला डेस्कटॉप घेतला, लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर वेळेवर प्रतिसाद देतो का ती चाचणी) चांगली आली, तर सोळा किलोहर्ट्झला मेसाचं कार्डही लागणार नाही. खर्च जवळपास शून्य.

निवृत्त_टूलरूम

खर्च शून्य, आणि तुझे किती रविवार?

टर्मिनलप्रेमी

काका, ते मोजायचे नसतात.

गोदाकाठचा

+१ सिन्नरकरीण. माझ्याकडचा कारागीर चौथीपर्यंत शिकलेला, डीएसपी झकास चालवतो. मात्र एक सांगतो, ही डबी बंद असते. आत काय चाललंय ते दिसत नाही, जे मेनूत आहे तेवढंच. जास्तीचं काही हवं असेल तर हात जोडायचे.

अवांतर: व्हीएफडी लावल्यावर घरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो का?

शेड_क्र_९

पडतो! दर तीन-चार वेळांनी. मला वाटलं व्हीएफडी खराब.

मापात_पाप

विनोद बाजूला ठेवतो, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. व्हीएफडी खराब नाही. त्याच्यातल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट सतत अर्थमध्ये सोडतात. घरचा आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा, त्याला ते गळती वाटतं. शेडला वेगळं सर्किट काढा, तिथला आरसीसीबी व्हीएफडीला चालेल अशा प्रकारचा बसवा. काढून टाकू नका आणि व्हीएफडीची अर्थ वायर तर अजिबात तोडू नका. असे महाभाग पाहिलेत.

अर्थिंगही तपासा. आपल्याकडे वर थोडी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. पावसाळ्यात अर्थिंगचा खड्डा छान रीडिंग देतो आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा पडला की रीडिंग चढतं. सिडकोतल्या जुन्या घरांत तर खड्डा कुठे आहे हेच कोणाला माहीत नसतं.

स्पिंडलची केबल शील्डवाली घ्या, शील्ड व्हीएफडीकडे अर्थला बांधा. टोकाला मशीन थांबवणाऱ्या लिमिट स्विचच्या वायरी तिच्याबरोबर एका पट्टीत नेऊ नका. स्विच एनसी (एरवी जोडलेले राहणारे) लावा, म्हणजे वायर तुटली तर मशीन थांबेल. आणि इनपुट २४ व्होल्टचे असलेला कंट्रोलर घ्या. ५ व्होल्टच्या इनपुटला व्हीएफडीचा विजेचा गोंगाट (नॉइज) खऱ्या सिग्नलसारखा वाटतो. कॉलेजरोड_७७ यांचा ऊनो पीसीबीच्या छोट्या स्पिंडलशेजारी शहाणा राहिला, २.२ किलोवॅटशेजारी राहीलच असं नाही. कॉम्प्युटर वापरणारच असाल तर यूएसबीपेक्षा इथरनेट. त्याच्या जोडणीत ट्रान्सफॉर्मर असतो, दोन्हीकडच्या वायरी विजेच्या दृष्टीने वेगळ्या राहतात. यूएसबीत तसं काही नसतं.

कॉलेजरोड_७७

वाखुसा (वाचनखूण साठवली). मापात_पाप दादा एवढं सरळ लिहितात हे आजच कळलं.

शेड_क्र_९

मंडळी, खूप आभार. काल रात्री बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. निवृत्त_टूलरूम काकांचं क्लाइंब मिलिंगचं वाक्य ऐकून म्हणाले, "हा माणूस आपल्यातला."

ठरलं असं: मिलिंगला डीडीसीएस आणि एमपीजी चाक. ऑर्डर टाकली. लिनक्ससीएनसी सोडलेलं नाही. टर्मिनलप्रेमी, भंगारातून एक डेस्कटॉप आणलाय आणि तुमची लेटन्सी टेस्ट रात्रभर चालू ठेवलीय. पुढे छोटा लेथ घ्यायचा विचार आहे, आटे त्याच्यावर.

टर्मिनलप्रेमी

लेथचा धागा वेगळा काढ. मी येतोच.

शेड_क्र_९ *(पाच आठवड्यांनी)*

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा राहिला होता.

मशीन चालली. आधी रडगाणं. पहिले चार दिवस स्पिंडल सुरू केला की कंट्रोलरवर वायचा लिमिट लागल्याचा संदेश. स्विच बदलला, तरी तेच. शेवटी पाहिलं तर मीच आळसाने लिमिटची वायर स्पिंडलच्या केबलला टाय मारून बांधली होती, दीड मीटरभर. मापात_पाप यांनी नेमकं हेच करू नका म्हणून लिहिलं होतं. वायर दुसऱ्या बाजूने नेली, शील्ड नीट बांधली, संदेश गेला.

अलार्मची जोडी टाकली, आणि ती पहिल्याच आठवड्यात कामाला आली. बाबांनी एमएसवर जरा जास्तच डेप्थ दिली, एक्सचा ड्रायव्हर अलार्मला गेला आणि सगळी मशीन जागच्या जागी थांबली. कटरसुद्धा वाचला. इमर्जन्सीला कॉन्टॅक्टर आहे, रोज सकाळी बाबा आधी ते बटन दाबून बघतात. सिन्नरकरीण ताई, हे तुमच्यामुळे.

डायल लावून मोजलं: एक्सला ३०० मिमीत पॉइंट शून्य तीनचा फरक. काका, चालेल ना?

आता खरी अडचण. बाबा चाक उजवीकडे फिरवतात, स्क्रीनवर एक्स प्लस होतो, आणि टेबल डावीकडे जातं. ३४ वर्षं त्यांनी टेबलाकडे बघून काम केलंय. ते म्हणतात मशीन उलटी जोडली. मी पॅरामीटरमध्ये एक्सची दिशाच बदलून टाकू का?

निवृत्त_टूलरूम

पॉइंट शून्य तीन उत्तम आहे, नशीबवान आहात.

दिशा बदलू नकोस! सीएनसीत प्लस-मायनस टूलच्या नजरेने मोजतात. जॉब स्थिर आहे आणि टूल सरकतंय असं धरायचं. टूल उजवीकडे गेलं पाहिजे म्हणून टेबल डावीकडे जातं. बरोबर आहे ते. तू एक्सची दिशा फिरवलीस तर सगळे जॉब आरशातले निघतील. नावाची पाटी खोदलीस तर उलटी वाचावी लागेल.

मापात_पाप

काका बरोबर. पण त्यासाठी बाबांची सवय मोडायची गरज नाही. एमपीजीला ए आणि बी अशा दोन सिग्नलच्या वायरी असतात. त्या दोन एकमेकींच्या जागी लाव. फक्त चाकाची दिशा उलटेल, प्रोग्राम आहे तसाच चालेल. चाकाच्या सिग्नलला उलट जोडीही असेल, म्हणजे ए बार आणि बी बार, तर त्याही तशाच अदलाबदल कर. झेडला मात्र एकदा विचारून घे, एकच चाक तिन्ही अक्षांना असतं. झेडही उलटा होईल.

शेड_क्र_९

बाबांना विचारलं. झेडला उलटं चालणार नाही म्हणाले, उजवीकडे फिरवलं की हेड वरच जायला हवं. मग पाच मिनिटं चाक हातात धरून बसले, एक्स-वाय-झेडचा सिलेक्टर इकडेतिकडे फिरवून बघितला, आणि म्हणाले, "राहू दे. वायर नको काढू. मी बघतो."

आता टेबलावर खडूने एक बाण काढलाय त्यांनी. त्याच्यापुढे मराठीत लिहिलंय, "टूल तिकडे".